पाणी नको, चहा द्या

मॅडम,

तुम्हाला पत्र लिहायचं तर मायना काय घालावा, तिथंच अडले. कॉलेजात रजेच्या अर्जावर आम्ही 'आदरणीय', 'सन्माननीय' असं काय काय लिहायचो आणि तुम्ही लाल पेनानं ते खोडून म्हणायचात, "आजारी आहेस एवढं लिही, माझी आरती नको." म्हणून आरती नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता दौंडला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. आसपासच्या गावांतून बर्फाच्या डब्यांत बाटल्या येतात, आम्ही त्या तपासतो, कागदावर सही करून परत पाठवतो. नोकरीत चढत चढत त्या सहीच्या जागेपर्यंत पोचले आहे. चष्मा लागलाय, आणि पोरी मलाही मॅडम म्हणतात. हाक आली की अजून क्षणभर वाटतं, मागं तुम्ही उभ्या असाल.

आज एका गावच्या सरपंचांचा फोन आला. त्यांच्या टाकीच्या पाण्यात कोलिफॉर्म जंतू सापडले, म्हणून रिपोर्ट वाईट गेला होता. आमच्याकडं नवी लागलेली मुलगी फोनवर होती. त्यांनी विचारलं, "कोलिफॉर्मनं माणूस मरतो का ओ?" आणि ही बिनधास्त "हो" म्हणाली. मी फोन काढून घेतला, त्यांना नीट समजावलं आणि मग हिच्याकडं वळले. ती म्हणाली, "पण मॅडम, त्यातले बरेचसे जर काही करत नसतील तर आपण दिवसभर त्यांनाच कशाला शोधत बसतो?" नेमका हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. मग मी तिला तुमचं मांजर सांगितलं, आणि मांजरावरून आमच्या विहिरीची सगळी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी इथं प्रत्येक नव्या मुलीला सांगते. पण हिनं शेवटी असं काही विचारलं की मला उत्तर देता येईना. त्यासाठीच लिहायला बसले आहे. ते येईलच पुढं.

शिरूरच्या कॉलेजातला पाण्याच्या प्रॅक्टिकलचा पहिला दिवस, संक्रांतीनंतरचा. तुम्ही प्रत्येकीच्या हातात एकेक काचेची बाटली दिली, बुचावर कागद बांधलेली, आणि नळाचं पाणी भरून आणा म्हणालात. मी कागद सोडला तर तळाशी पांढरं काहीतरी. मी ती बाटली नळाखाली धरून चांगली खंगाळली, पुन्हा पुन्हा खंगाळली, आणि मग काठोकाठ भरून तुमच्यापुढं ठेवली. आईनं शिकवलंच होतं, कुणाला पाणी द्यायचं तर भांडं विसळून द्यावं, धुतलेलं असलं तरी विसळावं. तुम्ही दारातून बघत होतात. "काय केलंस?" "बाटली धुतली, मॅडम." "ती मी काल वाफेवर शिजवली होती. तुझ्या नळापेक्षा स्वच्छ होती. आणि आतली पावडर पाण्यातलं क्लोरीन थोपवायला होती. ते थोपवलं नाही तर बाटलीत बसून जंतू मारत राहतं, आणि वाईट पाणीसुद्धा इथं येईस्तोवर साळसूद होतं." मग साऱ्या वर्गाकडं बघून म्हणालात, "हिचे हात स्वच्छ आहेत, डोकं घाईत आहे." वर्ग हसला. मला रडू आलं, आणि त्यातच कुठंतरी बरंही वाटलं, कारण माझे हात स्वच्छ आहेत असं परक्या माणसानं चारचौघांत पहिल्यांदाच म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात मी तो प्रश्न विचारला. तुम्ही टेबलावर हात टेकून सांगायला लागलात. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू पाण्यात थोडे असतात, आज असतात, उद्या नसतात, आणि एकेकाला शोधत बसायचं तर जन्म जाईल. कोलिफॉर्म मात्र माणसांच्या, जनावरांच्या आतड्यांत सुखानं नांदतात, ढिगानं असतात, नळीत वाढवायला सोपे. ते पाण्यात दिसले म्हणजे पोटातली घाण पाण्यापर्यंत पोचायला कुठंतरी वाट असणार. आज त्या वाटेनं हे आले, उद्या दुसरं कुणी येईल. "घरात मांजर शिरलं तर काठी घेऊन मांजराच्या मागं धावू नका," तुम्ही म्हणालात. "आधी दार कुठं उघडं राहिलं ते बघा." आम्ही ते वहीत लिहून घेतलं. तुम्ही म्हणालात, हे लिहायचं नसतं, करायचं असतं. आणि प्रत्येकीला आपापल्या घरचं प्यायचं पाणी आणायला सांगितलंत.

आमचं गाव न्हावऱ्याच्या पुढं. मी वस्तीच्या विहिरीचं पाणी आणलं, म्हणजे विहिरीवरच्या पंपानं जी टाकी भरते तिच्या तोटीचं. ही विहीर म्हणजे काय, हे तुम्हाला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं. आमची बौद्धांची वस्ती. आजोबांच्या काळी गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, खाली ओंजळ धरायची. मग त्या पिढीनं दिवसा दुसऱ्याच्या रानात राबून उरल्या वेळात ही विहीर खणली, आणि पाणी लागलं ते गोड लागलं. आमच्या घरात सोनंनाणं नव्हतं, विहीर होती. जयंतीची मिरवणूक गावातून फिरून वस्तीवर आली की चौकात त्या पाण्याचं लिंबू सरबत ठेवतात, सगळ्या गावाला. आबा, म्हणजे माझे वडील, हसत सांगायचे, "पहिल्या पहिल्यांदा निसती पोरंच प्यायची. मोठी मानसं म्हनायची, आज उपास हाय." हळूहळू गावाचे उपास सुटले. मी कॉलेजात जाईपर्यंत सरपंचही पेला पुढं करायला लागले होते.

आणि माझ्या नळ्या एकूणएक पिवळ्या झाल्या. जांभळं द्रावण पिवळंधमक, आणि आत उलट्या ठेवलेल्या चिमुकल्या नळीत वायूचा बुडबुडा, टपोरा, कुणीही लांबून बघावा असा, म्हणजे पाण्यात कोलिफॉर्म आहेतच. तुमची पद्धत होती, नाव आणि गाव घेऊन निकाल वाचायचा. माझ्या आधीच्या दोघी-तिघी उरल्या होत्या तेव्हा मी उठून तुमच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माझा वाचू नका." तुम्ही कारण विचारलंत. मी म्हणाले, "जयंती आलीय. यांच्या विहिरीचं पाणी घाण, हे आमच्या माणसांनी जन्मभर ऐकलंय. आता ते तुमच्या नळीत पण दिसणार." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि पेनाला टोपण लावलंत. मग म्हणालात, "नाव वाचणार नाही. पण गप्पही बसणार नाही. ते पाणी आज तुमची पोरंबाळं पितायत. घरी सांग, उकळून प्या. रविवारी मी येते." मला वाटलं, येणार कुठल्या. पुण्याहून रोज एसटीनं शिरूरला येणारी बाई रविवारी पुन्हा एसटीत कशाला बसेल?

तुम्ही आलात. खांद्याला थर्मास, हातात बाटल्यांची पिशवी, पदर खोचलेला. आईनं मला आत घेऊन पहिला प्रश्न विचारला, मॅडमचं आडनाव काय. मी सांगितलं. आई "हं" म्हणाली, तांब्या लखलखीत घासून, विसळून, भरून घेऊन बाहेर गेली आणि तुमच्यापुढं धरला. आणि तुम्ही म्हणालात, "पाणी नको, चहा द्या."

मॅडम, ते शब्द आमच्या घरात कसे लागले ते तुम्हाला कळलं की नाही, मला माहीत नाही. मला कळलं. आईचा तांब्या होता तिथंच राहिला. ती म्हणाली, "पानी न्हाई चालत व्हय आमचं?" दुसरी कुणी असती तर गडबडून गेली असती, दोन घोट घेतले असते आणि वेळ निभावून नेली असती. तुम्ही सरळ तिच्याकडं बघून म्हणालात, "नाही चालत. उकळलेलं नाही म्हणून. चहाचं पाणी उकळतं. माझ्या सासूबाईंच्या घरीही मी असंच करते, त्या माझ्याशी धड बोलत नाहीत." आई हसली नाही. चहा टाकला. तुम्ही तो आमच्याच कपातून प्यायलात, बशीत सांडलेला पण प्यायलात, आणि म्हणालात, "आणखी आहे का?" आईनं आणखी दिला. पण तुम्ही गेल्यावर म्हणाली, "चहा तर पूर्वी बी घ्यायचे काही जन. पान्यावरच गाडी अडायची." खोटं कुठं बोलत होती ती?

त्या दिवशी आम्ही वस्तीवरच्या तोटीचं पाणी पुन्हा घेतलं. चिमट्यात स्पिरिटचा कापूस पेटवून तुम्ही लोखंडी तोटीचं तोंड भाजलंत, तेव्हा जमलेल्या बायकांत कुजबुज झाली, "मॅडम नळाला डाग देत्यात का काय!" मग तुम्ही म्हणालात, गावठाणाचंही बघू, म्हणजे दोष साऱ्या गावाच्या पाण्याचा की एकाच जागचा ते कळेल. आपण ग्रामपंचायतीच्या टाकीकडं गेलो. तिथला शिपाई छाती काढून उभा. "मॅडम येनार म्हनून सकाळीच पावडर टाकलीया. हयगय न्हाई केली." तोटी सोडली आणि ब्लीचिंग पावडरच्या वासानं तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही बाटली पिशवीत परत टाकलीत. "हे आजचं पाणी मी मोजणार नाही. पाहुणे येणार म्हणून घर आवरल्यासारखं झालं हे. न सांगता येईन तेव्हा बघू." शिपायाला ते लागलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मॅडमनी गावची टाकी पास केली आणि वस्तीची विहीर नापास.

त्या आठवड्यात आमच्या वस्तीवर जे वातावरण होतं ते मी तुम्हाला कधी पुरतं सांगितलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. डेअरीवर एकानं आबांना सहज विचारलं, "यंदा सरबत बिसलरीचं का?" आणि चारजण हसले. एवढंच. आबा घरी येऊन जेवले नाहीत. ते कुरकुंभच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, पंपांची देखभाल करणाऱ्यांच्या हाताखाली असायचे, आणि म्हणून वस्तीचा पंपही त्यांच्याच हातात असायचा. मला म्हणाले, "तुझ्या मॅडमला आमचंच पानी बरं घावलं." मी त्यांना मांजर सांगायला गेले. ते म्हणाले, "मांजर बिंजर ऱ्हाऊ दे. माझ्या बापानं खनलीया ती हीर."

पुढच्या वेळी तुम्ही आलात ते आईसाठी भेट घेऊन. स्टीलचं ओगराळं, चांगलं लांब दांड्याचं. पहिल्या दिवशी आईनं हंड्यात पेला बुडवून पाणी काढताना तिची बोटं पाण्यात गेली होती, ते तुम्ही पाहून ठेवलं होतं. तुमच्या मनात तेवढंच. पण आईनं ते हातात घेतलं, दांडा बघितला आणि तिचा चेहरा बदलला. "हे कशाला? वरनं पानी घालायला? आमच्या सासऱ्यांच्या ओंजळीत असंच घालायचे लोक." तुम्ही खाली बसलात. मग म्हणालात, "मला हे सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं. मी परत नेते." ना सारवासारव, ना 'माझा तसा हेतू नव्हता.' आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आनलंय तर ऱ्हाऊ द्या." तिनं ते खिळ्याला अडकवलं, आणि हंड्यात पेलाच बुडवत राहिली.

तुमच्या मोठेपणाच्या गोष्टी लोक सांगतात तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. आपली चूक कळल्यावर एका वाक्यात ती कबूल करून पुन्हा कामाला लागणारी फार नाही पाहिली. तुम्ही लगेच उठलात आणि आबांना विचारलंत, "लाइट कधी येते?"

त्या आठवड्यात आमच्याकडं लाइट दुपारची होती. लाइट आल्याशिवाय पंप नाही, आणि पहिल्या वेळी तुम्ही आलात तेव्हा पंप बंदच होता. तुम्ही म्हणालात, "मला पंप सुरू करताना बघायचाय. अगदी पहिल्यापासून." आबांना बरं वाटलं. इतके दिवस विहिरीला नावं ठेवणारं माणूस आता त्यांची कारागिरी बघायला बसणार होतं. तुम्ही विहिरीच्या काठाशी लिंबाखाली बसलात, मी बाटल्या घेऊन शेजारी. दरम्यान तुम्ही एका बाटलीला वीट बांधून ती दोरीनं थेट विहिरीत सोडलीत आणि तिथलंच पाणी वर काढून ठेवलंत. ते कशासाठी, हे मला नंतर कळलं.

लाइट आली. आबांनी पंपाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. फूटव्हॉल, म्हणजे पाइपच्या विहिरीतल्या टोकाला असलेली झडप, जुनी झाली होती, तिचा रबरी वायसर झिजला होता. ती पाणी धरत नव्हती, पंप रिकामा व्हायचा. रिकामा पंप पाणी खेचत नाही, म्हणून रोज आधी वरून पाणी ओतून तो भरायला लागायचा, आणि ओतलेलं पाणीही खालून निघून जायचं. आबांनी यावर इलाज काढला होता, किंवा सगळ्या शिवारातच तो इलाज होता. त्यांनी बादली पुढं ओढली. बादलीत शेणाचा पातळ काला. तो त्यांनी झाकणातून आत ओतला, वरून पाणी ओतलं, आणि अभिमानानं तुमच्याकडं बघून म्हणाले, "आता बघा. शेन जाऊन बसतंय फटीत. घट्ट. मग पंप कसा टनाटन पानी वढतोय." बटण दाबलं. पंप थरथरला आणि टाकीत पाणी धबाधबा पडायला लागलं. पहिलं पाणी जरासं हिरवट. मग नितळ.

मी तुमच्याकडं बघितलं. हे मी लहानपणापासून बघत आले होते. मी स्वतः त्या बादल्या धरल्या होत्या. इतके दिवस तुमच्या वर्गात बसून, पोटातली घाण पाण्यात येते कुठून हे घोकून, ती बादली माझ्या डोळ्यांना दिसली नव्हती. तुम्ही हसला नाहीत. मग उठून आबांच्या जवळ गेलात. "आबा, दार सापडलं." "कसलं दार?" "विहिरीचं नळ्या सांगतील. दोष त्या बादलीत आहे." आबांना पटेना. "अवो मॅडम, शेन म्हंजी काय घान हाय का? घर सारवतो आपुन शेनानं." तुम्ही म्हणालात, "घर सारवा की. पंप नका सारवू. शेण गाईच्या पोटातून येतं, आणि नळीला पोट तेवढं कळतं, ते गाईचं की माणसाचं हे कळत नाही." आबा पंपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या हातानं जात हुतं." तुम्ही त्यांना खोटा दिलासा दिला नाहीत. म्हणालात, "हो. आणि तुमच्याच हातानं थांबेल. वायसर कुठं मिळतो?"

वायसर शिरूरला मिळाला. आबांनी आणि वस्तीतल्या दोघांनी पाइप वर काढला, झडप साफ करून नवा वायसर बसवला, टाकी घासली, पावडर बेतानं टाकली. वीट बांधून काढलेल्या बाटलीचा निकाल आला होता. विहिरीतही थोडे कोलिफॉर्म होते, उघड्या विहिरीत असतातच, तुम्ही तेही लपवलं नाहीत. पण ते बेताच्या पावडरीनं आवरण्यासारखे होते. मग टाकीचं पाणी पुन्हा नळ्यांत भरलं. त्या नळ्या उबेच्या कपाटात ठेवल्यावर मी कॉलेजात दुसरं काही शिकले नाही, सारखी कपाटापाशी घिरट्या घालत होते. वेळ झाली तेव्हा तुम्ही मलाच दार उघडायला लावलंत. जांभळ्या. सगळ्या जांभळ्या, बुडबुडा कुठंच नाही. मी ओरडले, "पास!" तुम्ही म्हणालात, "पास नाही. 'या नमुन्यात आढळले नाहीत.' एवढंच लिही. जेवढं पाहिलंस तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही." हे वाक्य आता आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. तुमचं नाव खाली घातलेलं नाही, तुम्ही ते खोडलंच असतं.

आबा मग तुम्हाला आमंत्रण द्यायला स्वतः शिरूरला आले. स्टाफरूमच्या दारात टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "जयंतीला या. आन् सगळ्यांदेखत एक गिलास प्या. म्हंजी गावाचं तोंड बंद हुतंय." तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. म्हणालात, "येईन. पण पिऊन दाखवणार नाही." आबांचा चेहरा उतरला. "आबा, पिऊन पाणी कळत नाही. शेण जात होतं तेव्हाही ते गोडच लागत होतं ना? आणि मी प्यायले म्हणून चांगलं, मी नाही प्यायले म्हणून वाईट, हे तर जुनंच झालं. ते मी करणार नाही." आबा घरी येईपर्यंत यावर विचार करत आले. आईला सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दाखवनार न्हाई ते ठीक हाय. पन पिनार का न्हाई, ते कुठं सांगितलं?"

जयंतीचा दिवस. ऊन मी म्हणत होतं. चौकात निळ्या पताका, सरबताचं मोठं पातेलं, शेजारी टेबलावर तुम्ही आणलेले दोन रॅक, एकात पहिल्या पिवळ्या नळ्या, दुसऱ्यात नंतरच्या जांभळ्या. तुम्ही टेबलाच्या कडेला उभ्या, छत्री घेऊन. मिरवणूक आली, ढोल थांबला, आणि लोक नेहमीसारखे पातेल्याकडं न येता जरा लांबच रेंगाळले. डेअरीवाला होता, तो शिपाई होता, सरपंच घड्याळ बघत होते. कुणी नको म्हणत नव्हतं. कुणी पेला पण उचलत नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा उपास सुरू होणार. आणि तेवढ्यात आबा टेबलापाशी गेले, एक पिवळी नळी उचलून वर धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "ही आमची टाकी हुती. शेन जात हुतं पंपातनं. माझ्याच हातानं जात हुतं, मीच वतत हुतो. तुम्ही बी समदे वतता, तुमच्या बी हिरींवर." मग जांभळी उचलली. "हा नवा वायसर. ज्याला बगायचं त्यानं जवळ येऊन बगा." लोक जवळ आले. सरबतासाठी नाही, नळ्या बघायला आले. पण आले. प्रश्न सुरू झाले, बुडबुडा कशाचा, आमच्या पंपाचं काय, वायसर केवढ्याचा. आणि एवढं सगळं उन्हात उभं राहून विचारल्यावर माणसाला तहान लागतेच.

आई पातेल्यापाशी होती. तिच्या हातात तुमचं ओगराळं. घरातून निघताना तिनं ते खिळ्यावरून काढलं होतं. आता ती ते पातेल्यात बुडवत होती, उचलत होती आणि लांब दांड्यावरून, वरून, एकेकाच्या पेल्यात सरबत घालत होती. पेले खाली धरलेले. सरपंचांचा, डेअरीवाल्याचा, बायकांचा, पोरांचा. कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नसेल. मला दिसलं, आबांना दिसलं. शिपाई पेला रिकामा करून तुमच्याकडं आला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या टाकीचं बी घ्या की एकदा. पावडर न टाकता." तुम्ही पिशवीतून बाटली काढलीत आणि म्हणालात, "धुवू नका तेवढी."

आज ही गोष्ट मी त्या नव्या मुलीला सांगितली आणि नेहमीसारखीच संपवली, "आणि मॅडम दोन पेले सरबत प्यायल्या." इतकी वर्षं मी ती अशीच संपवत आले आहे. तिनं भिंतीवरच्या वाक्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही पाहिलं का मॅडम, पिताना?"

नाही पाहिलं. मी तेव्हा गावाकडं बघत होते. पुन्हा वळले तेव्हा तुमची छत्री एसटीच्या रस्त्याला लागली होती. पुढं कॉलेजात विचारायचं धाडस झालं नाही, मग तुम्ही आजारी पडलात, मग राहिलंच. आबा असेपर्यंत म्हणायचे, प्याल्या असत्याल की. म्हणजे त्यांनीही पाहिलं नव्हतं. म्हणून मी आईला फोन केला. तिचे डोळे आता अधू झालेत, पण आठवण शाबूत आहे. ओगराळं अजून वापरात आहे, दांडा एकदा डाग मारून घेतलाय. मी विचारलं, मॅडम प्यायल्या होत्या का गं? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मी पेल्यांकडं बगत हुते. तोंडाकडं कुनाच्याच न्हाई बगितलं. फुडं आला तो भरला."

उद्या मुलीला सांगेन की नोंद नाही. दोन पेले गोष्टीतून काढून टाकेन. कुणाच्या पिण्यानं पाणी चांगलं ठरत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलेलं आहे, मी ते रोज शिकवते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, टेबलाच्या खणात जाईल, तेव्हा इथं खरं सांगायला हरकत नाही. त्या भर उन्हात, छत्री मिटून, तुम्ही आईपुढं पेला धरला होतात का, हे मला अजूनही कळायला हवं आहे.